कॉनकास्टवर नव्याने रुजू होताय? भट्टीपासून सळईपर्यंत कुठे काय बघायचं

डिप्लोमा झाल्यावर मी जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका सळईच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो. कंटिन्युअस कास्टिंगची आकृती तोंडपाठ होती: लॅडल (भट्टीतून पातळ लोखंड आणणारं भांडं), टंडिश (ते धारेने मोल्डमध्ये सोडणारं मधलं भांडं), मोल्ड (साचा), स्प्रे, विथड्रॉवल (गोठलेली कांडी ओढून घेणं), कटिंग. परीक्षेत काढून मार्कही मिळवले होते. पहिल्या रात्रपाळीला प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो तेव्हा मात्र सगळीकडे एकाच वेळी काहीतरी चाललेलं होतं आणि नजर कुठे ठेवायची तेच कळेना. नावं माहीत असणारा माणूस आणि कुठे बघायचं ते माहीत असणारा माणूस यांच्यात सहा महिन्यांचं अंतर असतं. तुमच्या बाबतीत ते थोडं कमी व्हावं म्हणून हे लिहितोय.

उदाहरण जालन्यात सर्रास दिसणाऱ्या मांडणीचं घेतलंय: इंडक्शन भट्टी, दोन स्ट्रँडचं (एका वेळी दोन कांड्या ओतणारं) बिलेट (सळईसाठीची चौकोनी कांडी) कास्टर आणि गरम बिलेट थेट ओढून घेणारी सळईची मिल. आपल्याकडे कास्टरला सगळे ‘कॉनकास्ट’च म्हणतात. ते मुळात एका स्विस कंपनीचं नाव, पण आता मशीनचंच नाव होऊन बसलंय. पुढे मीही दोन्ही शब्द वापरलेत.

१. रुजू होण्याआधी: कागद आणि कपडे

कागद एकाच फाइलमध्ये लावून न्या:

- आधार, पॅन, बँक पासबुकची प्रत, पासपोर्ट फोटो
- डिप्लोमा किंवा आयटीआयची गुणपत्रकं आणि प्रमाणपत्र
- आधीची नोकरी असेल तर पीएफचा यूएएन क्रमांक आणि अनुभवपत्र
- अप्रेंटिस म्हणून जात असाल तर पोर्टलवरच्या नोंदणीची प्रत आणि कराराचा कागद
- वैद्यकीय तपासणीचा दाखला; बहुतेक ठिकाणी डोळे, कान आणि छातीचा एक्स-रे बघतात

अप्रेंटिसच्या करारावर तारीख आणि स्टायपेंडची रक्कम लिहिलेली आहे का, ते सही करण्याआधी वाचा. कोऱ्या जागेवर सही करू नका.

आता कपडे, कारण इथे पोरं हमखास चुकतात. हेल्मेट, बूट, हातमोजे, निळी काच आणि अ‍ॅल्युमिनाइज्ड कोट कंपनी देते. आतले कपडे तुमचे असतात. शर्ट, पँट, बनियन आणि मोजेसुद्धा पूर्ण सुती घाला. नायलॉन किंवा पॉलिस्टरवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं आणि डॉक्टरांना ते सोलून काढावं लागतं. पँटचा पायघोळ बुटांच्या वरून बाहेर ठेवा, बुटात खोचू नका. खोचलेल्या पँटवरून घरंगळलेला थेंब थेट बुटात जातो.

२. पहिला आठवडा: फक्त पळायच्या वाटा

पहिला आठवडा मशीन शिकण्यात घालवू नका. प्लॅटफॉर्मवरून खाली उतरायचे जिने किती, कोणत्या जिन्याच्या तोंडाशी सामान पडलेलं असतं, जादा लोखंड ओतायचं इमर्जन्सी भांडं कुठे ठेवलंय, पाण्याचा आणि ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, हे डोळे मिटून सांगता यायला हवं. लॅडल उचललेल्या क्रेनखालून जायचं नाही. मिलच्या रेषेत उभं राहायचं नाही. मिसरोल झाला, म्हणजे माल वाट चुकला, की लालभडक सळई क्षणात स्टँडबाहेर (रोलच्या जोडीबाहेर) उसळते आणि कुठे जाईल ते कोणालाच सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र कायमची मनात कोरून घ्या: ओल आणि पातळ लोखंड यांची गाठ पडू द्यायची नाही. लोखंडावर पाणी पडलं तर ते वरूनच उडून जातं. पण लोखंडाखाली पाणी सापडलं तर त्याची वाफ होऊन ते दीड हजारपटीहून जास्त फुगतं आणि वरचं लोखंड गोळीसारखं उडवतं. म्हणून भंगार ओलं नको, ऑक्सिजनच्या पाइपाच्या तोंडात पाणी नको, खड्ड्यातली वाळू ओली नको. पावसाळ्यात यार्डातल्या भंगाराकडे रोज बघायला जा. बंद सिलिंडर, शॉकअ‍ॅब्सॉर्बर, दोन्ही बाजूंनी चेपलेला पाइप, असलं काही दिसलं तर ते बाजूला काढायला ट्रेनीलाही कोणाची परवानगी लागत नाही.

३. भट्टी: आत काय जातंय ते बघा

भट्टीवर महिनाभर तरी घालवा. टनाला साधारण साडेपाचशे ते सातशे युनिट वीज लागते आणि स्पंज आयर्नचं (खनिजापासून थेट केलेल्या सच्छिद्र लोखंडाचं) प्रमाण वाढेल तसा आकडा वर जातो. म्हणून मालकापासून शिफ्ट इनचार्जपर्यंत सगळ्यांचं लक्ष मीटरवर असतं. तुमचं लक्ष चार्जवर असू द्या.

आपल्याकडच्या इंडक्शन भट्टीचं अस्तर सिलिकाच्या रॅमिंग मासचं (ठोकून बसवलेल्या भुकटीचं), म्हणजे आम्लधर्मी असतं. त्यात फॉस्फरस काढता येत नाही. स्पंजमधून किंवा भंगारातून जेवढा आत गेला तेवढा सळईत उतरणार. गंधकाचंही जवळपास तसंच. लॅडल रिफायनिंग भट्टी असेल तर तो खाली आणता येतो, नसेल तर नाही. तांबं मात्र कशानेच निघत नाही. मोटरचं वायंडिंग भंगारात राहिलं तर रोलिंगमध्ये बिलेटच्या अंगावर बारीक भेगा उमटतात आणि त्यावर पुढे काहीही इलाज नसतो.

मँगनीज आणि सिलिकॉनचं प्रमाण निदान तीनास एक ठेवायचं, कारण मग तयार होणारी मळी पातळ राहते आणि नोझलमध्ये अडकत नाही. अ‍ॅल्युमिनियम हातचं राखून टाका. पोरं टॅपिंगच्या (भट्टीतून लॅडलमध्ये ओतण्याच्या) वेळी लोखंड ‘मारायला’ (त्यातला ऑक्सिजन बांधून टाकायला) अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे भिरकावतात आणि पाच मिनिटांनी टंडिशचं नोझल चोक होतं. शिव्या मात्र कास्टरवाल्याला बसतात.

४. तापमानाचा हिशेब वहीत मांडा

सळईच्या ग्रेडचं लोखंड साधारण १५१५ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठायला लागतं. टंडिशमध्ये त्याच्या वर २५ ते ४० अंश हवेत, म्हणजे १५४० ते १५५५. त्याहून कमी झालं तर नोझल गोठतं. जास्त झालं तर मोल्डमध्ये कवच पातळ राहतं आणि फाटतं. सगळं कास्टिंग या पंधरा-वीस अंशांच्या गल्लीतून चालतं.

आता मागे जा. लॅडल भरताना, उभं राहताना, टंडिश तापताना किती अंश गळतात ते प्रत्येक कारखान्यात वेगळं. आमच्याकडे टॅपिंग १६५० च्या आसपास करायचो. लॅडल लालबुंद तापलेलं असलं तर तेवढं पुरायचं. रिलाइनिंगनंतरची (नवं अस्तर लावल्यानंतरची) पहिली हीट (भट्टीतून एका वेळी निघणारं लोखंड) असली की वीस-पंचवीस अंश जास्त घ्यावे लागायचे. तुमच्या कारखान्याचा हा आकडा कोणी सांगणार नाही. सलग तीस हीटचं टॅपिंगचं तापमान, लॅडल ठेवल्याची वेळ आणि टंडिशचं तापमान वहीत लिहा, तो आपोआप दिसेल.

दुसऱ्या महिन्यात मी पहिला ब्रेकआउट पाहिला. कारखान्याचं नाव सांगायचं कारण नाही. त्या रात्री थर्मोकपलच्या टिपा संपत आल्या होत्या, म्हणून एका हीटला टंडिशचं तापमान घेतलंच नाही. आधीच्या हीटला उशीर झाला होता, भट्टीवाल्याने भीतीपोटी लोखंड जास्त तापवलं होतं आणि ते कोणी कोणाला कळवलं नाही. कास्टिंग सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या मिनिटाला एका स्ट्रँडच्या मोल्डमधली लेव्हल अचानक खाली गेली आणि खालून धप्प आवाज आला. कवच फाटून लोखंड स्प्रे चेंबरमध्ये उतरलं होतं. नोझलखाली लाँडर (पन्हळ) सरकवून धार बाजूला काढली, कोणाला इजा झाली नाही. पण स्प्रेचे पाइप आणि रोलर यांना धरून गोठलेलं लोखंड गॅसने कापून काढायला पुढची अख्खी पाळी गेली. टिप काही रुपयांची असते. साठा संपत आला की स्टोअरला आठवण करून देणं हे ट्रेनीचं काम समजा, सांगितलं नसलं तरी.

५. मोल्ड: सगळ्यात जास्त वेळ इथे उभे राहा

मोल्ड म्हणजे तांब्याची चौकोनी नळी, ८०० ते १००० मिमी लांब, आतून क्रोम चढवलेली, बाहेरून चार-पाच मिमीच्या फटीतून पाणी जोरात वाहणारं. ती आतून सरळ नसते, खाली किंचित निमुळती असते, कारण गोठताना बिलेट आकसतं आणि तांब्याने त्याला चिकटून राहायला हवं. झिजून हा निमुळतेपणा गेला की एका बाजूला फट पडते, तिथलं कवच पातळ राहतं आणि बिलेट तिरकं होतं.

१३० मिमीचं बिलेट मिनिटाला तीन मीटरने निघत असेल तर लोखंड मोल्डमध्ये जेमतेम पंधरा सेकंद असतं. तेवढ्यात साधारण १० ते १२ मिमी जाडीचं कवच धरतं. आतलं सगळं पातळच असतं. बिलेटचा गाभा पूर्ण गोठायला आणखी पाचएक मिनिटं, म्हणजे पुढचे पंधरा-सोळा मीटर लागतात. तुम्हाला खाली लाल, घट्ट दिसणारी कांडी ही खरं तर आत रस असलेली पिशवी आहे, हे डोक्यात असलं की पुढचे सगळे नियम आपसूक पटतात.

आता कडेला उभं राहून निळ्या काचेतून आत बघा. टंडिशच्या नोझलमधून येणारी धार काचेच्या कांडीसारखी सरळ आणि गुळगुळीत हवी. ती पिसारली, फाटली की हवा ओढते आणि बिलेटमध्ये बुडबुडे जातात. धार मोल्डच्या मधोमध पडते का बघा. एका भिंतीकडे सरकली असेल तर त्या बाजूचं कवच वितळतंय. लेव्हल नळीच्या वरच्या काठापासून आठ-दहा सेंटिमीटर खाली, हलती पण स्थिर हवी. आणि कडेने बघा, तेल जळतंय ते. आपल्याकडच्या उघड्या धारेच्या कास्टिंगला रेपसीड तेल सोडतात. ते चारही भिंतींवरून झिरपून लोखंडाला भिडतं तिथे जळतं. ज्या मामांच्या हाताखाली मी शिकलो ते म्हणायचे, “साहेब, समईच्या वातीसारखी ज्योत पाहिजे, चारी बाजूंना सारखी.” ज्या बाजूला ज्योत नाही तिथे तेलाचं भोक बुजलंय आणि तिथे बिलेट चिकटणार. ज्योत फार मोठी आणि काळ्या धुराची असेल तर तेल जास्त झालंय. त्याचा वायू बिलेटच्या कातडीखाली बारीक छिद्रं करतो.

मोल्ड सतत वर-खाली हलत असतो, मिनिटाला शंभर-दोनशे वेळा. झिगफ्रीड युंगहान्स या जर्मन माणसाने १९३३ साली या युक्तीचं पेटंट मागितलं आणि तिथून हा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला. खाली जाताना मोल्ड बिलेटपेक्षा किंचित जास्त वेगाने जातो, त्यामुळे चिकटलेलं कवच सुटतं आणि फाटलेलं दाबून सांधलं जातं. थंड बिलेटवर बोट फिरवलं तर त्या हालचालीच्या आडव्या रेषा हाताला लागतात. त्या सारख्या अंतरावर आणि सरळ असतील तर ऑसिलेशन ठीक आहे. तिरक्या असतील तर यंत्राचे बेअरिंग बघायला सांगा.

पाण्याबद्दल दोन शब्द, कारण मराठवाड्यात हा प्रश्न खरोखरचा आहे. बोअरचं पाणी जड. ते तसंच मोल्डला फिरवलं तर तांब्याच्या बाहेरच्या अंगावर क्षार बसतात आणि तांबं तापून वाकतं. मोल्डला मऊ केलेलं पाणीच हवं. उन्हाळ्यात टँकर आला की “आज चालवून घ्या” म्हणणारा कोणीतरी भेटतोच. त्या दिवशी पाण्याचा जडपणा मोजून आकडा लॉगबुकात लिहा. मोल्डमध्ये जाणारं आणि येणारं पाणी यांच्या तापमानातला फरक दर अर्ध्या तासाने वाचा. तो दहा अंशांच्या पुढे सरकू लागला तर ताबडतोब शिफ्ट इनचार्जला सांगा. आणि वीज गेल्यावर उंचावरच्या इमर्जन्सी टाकीचं पाणी आपोआप सुरू होतं की नाही, हे महिन्यातून एकदा स्वतः बघा. टाकी भरलेली आहे हे गृहीत धरू नका, वर चढा.

६. डमी बार लावणं: हाताने शिकायचं काम

सुरुवातीला मोल्डला बूड नसतं. ते खालून आत सरकवलेल्या डमी बारचं (पहिलं बिलेट ओढून काढणाऱ्या लोखंडी बारचं) डोकं वर घालून तयार करतात. हे काम चार वेळा बघा, मग मिस्त्रींच्या नजरेखाली स्वतः करा:

- मोल्ड आतून कोरड्या फडक्याने पुसा. पाण्याचा एक थेंबही दिसला तर तो कुठून आला ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- डमी बारचं डोकं मोल्डमध्ये ठरलेल्या उंचीवर आणून थांबवा.
- डोकं आणि तांबं यांच्यामधल्या फटीत सिरॅमिक दोरी लाकडी पट्टीने ठोकून बसवा. लोखंडी सळईने ठोकलं तर क्रोमवर ओरखडा येतो.
- वर स्वच्छ, कोरडे, गंज नसलेले लोखंडाचे बारीक तुकडे पसरा. पहिलं लोखंड त्यांच्यावर चटकन गोठून डोक्याला धरतं.
- भिंतीवर तेल आलंय का बघा आणि मगच हात वर करा.

कोपरे नीट भरा. चारातला एक कोपरा सैल राहिला की पहिल्याच मिनिटाला तिथून लोखंड खाली उतरतं. दोरी स्टोअरमधून आणून रात्रभर दमट जागी ठेवलेली असेल तर आधी वाळवा. पॅकिंग झाल्यावर लॅडलला उशीर लागला आणि अर्धा तास गेला, तर पुन्हा आत बघा. स्प्रेची वाफ वर येऊन मोल्डमध्ये दव धरतं.

७. वेग बटणाने वाढत नाही

हा नव्या माणसाचा सगळ्यात मोठा गैरसमज, मलाही होता. पॅनलवर विथड्रॉवलच्या वेगाचं बटण असतं, तेव्हा वाटतं की कास्टिंगचा वेग तिथून ठरतो. उघड्या धारेच्या कास्टरमध्ये लोखंड किती येणार हे नोझलचं भोक आणि टंडिशमधली उंची ठरवतं. विथड्रॉवलने फक्त त्याला साथ द्यायची असते. बटणाने ओढ वाढवली तर बिलेट जास्त निघत नाही, मोल्डमधली लेव्हल खाली जाते. वेग खरंच वाढवायचा तर लॅडलचं स्लाइड गेट थोडं उघडून टंडिश भरा. कमी करायचा तर टंडिश थोडी उतरू द्या, पण तळाशी येईपर्यंत नाही. भोवरा पडला की वरची मळी धारेत ओढली जाते.

सेकंडरी स्प्रेमध्ये चालू कास्टिंगला फारसं बघण्यासारखं नसतं, वाफेत दिसतही नाही. त्याची खरी तपासणी मशीन थंड असताना असते: पाणी सोडा आणि प्रत्येक नोझलची छत्री पूर्ण उघडते का बघा. एका बाजूचं नोझल बुजलं की ती बाजू गरम राहते आणि बिलेट तिरकं होतं.

८. थंड बिलेट वाचायला शिका

रोज पाळी संपताना कूलिंग बेडवरची पाच बिलेटं बघा. टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजा. फरक वाढत चालला असेल तर मोल्डची नळी झिजली आहे, नाहीतर स्प्रे एकांगी आहे. आमच्याकडे सहा मिमीच्या पुढे मिलवाले बिलेट परत पाठवायचे, कारण तिरकं बिलेट पहिल्या स्टँडमध्ये कलंडतं. गॅसने कापलेल्या तोंडाकडे बघा. मध्ये खोल भोक म्हणजे लोखंड फार गरम ओतलं गेलं. कातडीलगत टाचणीएवढी छिद्रं म्हणजे ओल, जास्त तेल किंवा नीट न मारलेलं लोखंड. कोपऱ्याजवळ आत उभी चीर असेल तर कर्णांचा फरक आणि गंधकाचा आकडा दोन्ही बघा. बहुतेक वेळा दोघांची मिळून ती करणी असते.

९. गरम बिलेट मिलला देणं: इथे पैसा वाचतो

पूर्वी बिलेट थंड करून रचायचे आणि मिलवाले ते कोळशाच्या किंवा तेलाच्या भट्टीत पुन्हा ११०० ते १२०० अंशांपर्यंत तापवायचे. त्यात इंधन जायचं आणि टनामागे दहा-वीस किलो लोखंडाची पापडी होऊन गळायची. आता कापलेलं बिलेट रोलर टेबलवरून थेट पहिल्या स्टँडमध्ये नेतात. दिसायला सोपं आहे, पण कास्टर आणि मिल यांचा मेळ बसला तरच ते चालतं. गणित एकदा हाताने करून बघा.

१३० मिमीच्या बिलेटचं वजन मीटरला साधारण १३० किलो. दोन स्ट्रँड, प्रत्येकी मिनिटाला तीन मीटर, म्हणजे मिनिटाला सहा मीटरचं एक बिलेट तयार. आता मिल. १३० मिमीच्या बिलेटचं क्षेत्रफळ १६९०० चौरस मिमी, १२ मिमीच्या सळईचं ११३. म्हणजे लांबी जवळपास दीडशेपट वाढते आणि सहा मीटरच्या कांडीची पाऊण किलोमीटरहून बरीच जास्त सळई होते. मिलचा शेवटचा स्टँड सेकंदाला १२ मीटरने सळई टाकत असेल, तर पहिला स्टँड मिनिटाला जेमतेम ४.८ मीटर बिलेट खातो. एका बिलेटला ७५ सेकंद, मधल्या फटीसकट ८० धरा. कास्टर चार बिलेटं देतो तेवढ्यात मिल तीन घेते. २५ टनांच्या हीटमधून तीसेक बिलेटं निघाली तर सात-आठ बाजूला पडणार.

हा आकडा आधी माहीत असला की भांडण होत नाही. नसला की कास्टरवाले म्हणतात मिल घेत नाही, मिलवाले म्हणतात बिलेट गार देता. आठ मिमीला तर एका धारेने चालवून मिल अर्धीसुद्धा बिलेटं घेऊ शकत नाही, म्हणून बारीक साइझला स्लिटिंग करून एका बिलेटातून दोन धारा काढतात. पाळी सुरू होताना मिल फोरमनला एवढंच विचारा: आज साइझ कोणता आणि रोल कधी बदलणार? त्यावरून टंडिशमधली उंची किती ठेवायची ते ठरवता येतं.

रांगेत उभं राहिलेलं बिलेट कोपऱ्यांकडून काळं पडायला लागतं. कोपरे काळे दिसले तर ते मिलमध्ये ढकलण्याचा मोह आवरा. मध्ये इंडक्शन हीटर असेल तर त्यातून न्या, नसेल तर बाजूला काढा. ९५० अंशांच्या खाली गेलेलं बिलेट रफिंगच्या मोटरचा अ‍ॅम्पिअर उडवतं आणि कधी रोल तोडतं. एका बिलेटच्या लोभात तुटलेला रोल मी पाहिलाय.

१०. रोलिंग: कान लावून ऐका

मिलचा एकच नियम सगळीकडे लागू: प्रत्येक स्टँडमधून सेकंदाला तेवढंच लोखंड गेलं पाहिजे. जाडी कमी होते तसा वेग वाढतो. पुढचा स्टँड जरा जास्त ओढायला लागला की मधला माल ताणून बारीक होतो, मागचा जास्त ढकलायला लागला की फुगून वर येतो आणि मिसरोल होतो. दोन स्टँडमध्ये ताण आहे का, हे जुने मिस्त्री बिलेटचं शेपूट मागच्या स्टँडमधून सुटतं त्या क्षणी ओळखतात. ताण असेल तर शेपूट सुटताच पुढच्या मोटरचा आवाज खाली बसतो. आठवडाभर नुसतं हेच ऐका.

पासचा (रोलवरच्या खाचेचा) क्रम ओव्हल, गोल, ओव्हल, गोल असा असतो. गाईड घासला की सळईच्या अंगावर सलग ओरखडा येतो. एखादी खूण ठरावीक अंतराने परत येत असेल तर ते अंतर मोजा. त्या रोलचा परीघ कोणत्या स्टँडशी जुळतो त्यावरून खराब पास सापडतो, फक्त पुढच्या स्टँडांमध्ये लांबी वाढलेली असते हे लक्षात घ्या. तोंड फुटून येणारं बिलेट बऱ्याचदा कास्टरवरच्या त्या मधल्या भोकाचं असतं. मिलवाला गाईड बदलत बसतो आणि कारण दोनशे फूट मागे टंडिशमध्ये असतं. म्हणून दोन्ही ठिकाणी काम केलेला माणूस कारखान्याला लागतो, आणि म्हणून पहिल्या वर्षात दोन्हीकडे पाळ्या मागून घ्या.

११. पाण्याचा बॉक्स आणि चाचणी

शेवटच्या स्टँडमधून हजार अंशांच्या आसपास निघालेली सळई पाण्याच्या बॉक्समधून जाते. बाहेरचं अंग सेकंदाच्या आत थंड होऊन कडक होतं, आतला गाभा तापलेलाच राहतो. कूलिंग बेडवर आतली उष्णता बाहेर येऊन तो कडक थर थोडा मऊ करते. सळईला ताकद आणि वाकण्याचा गुण दोन्ही यातून मिळतात. पाणी कमी-जास्त करून ताकद ‘सेट’ करायचा मोह सगळ्यांना होतो. पाणी जास्त मारलं तर ताकदीचा आकडा छान येतो, पण लांबण्याचा गुण घसरतो. सळईचा तुकडा कापून घासा, नायटलमध्ये (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या द्रावणात) बुडवा: बाहेर गडद कडं, आत फिकट गाभा. कडं सगळीकडून सारख्या जाडीचं हवं. एका बाजूला पातळ असेल तर बॉक्समधलं नोझल सरकलंय.

आयएस १७८६ मधले हे आकडे भिंतीवर लावून ठेवा:

- एफई ५०० : कार्बन जास्तीत जास्त ०.३०, गंधक ०.०५५, फॉस्फरस ०.०५५ टक्के, लांबण किमान १२ टक्के
- एफई ५०० डी : कार्बन ०.२५, गंधक ०.०४०, फॉस्फरस ०.०४०, दोन्ही मिळून ०.०७५ टक्के, लांबण किमान १६ टक्के
- मीटरला वजन: व्यासाचा वर्ग भागिले १६२. आठ मिमी ०.३९५ किलो, बारा मिमी ०.८८८, सोळा मिमी १.५८
- लॉटच्या वजनात सूट: १० मिमीपर्यंत ७ टक्के, त्यावर १६ मिमीपर्यंत ५, त्याहून जाड सळईला ३ टक्के, अधिक किंवा उणे

‘डी’ ग्रेडचा फॉस्फरस भट्टीत चार्ज टाकतानाच ठरलेला असतो. सळई तयार झाल्यावर नमुना नापास झाला तर त्या हीटवर दुसऱ्या ग्रेडचा टॅग लागला पाहिजे. टॅग बदलून माल पुढे ढकलायला कोणी सांगितलं तर सही करू नका. ही सळई कोणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये जाणार असते.

१२. रोजची वही

वहीला एवढे रकाने पाडा: हीट क्रमांक, टॅपिंगचं तापमान, टंडिशचं तापमान, वेग, मोल्डच्या पाण्यातला फरक, मोल्ड नळीच्या झालेल्या हीट, कर्णांतला फरक, थेट मिलला गेलेली बिलेटं, बाजूला पडलेली बिलेटं, शेरा. शेऱ्यात स्वतःचं मत लिहू नका, दिसलं ते लिहा: ‘स्ट्रँड २, उत्तरेच्या भिंतीला ज्योत नाही’, ‘कोपरे काळे, तीन बिलेटं बाजूला’. वही प्लॅटफॉर्मवर नेऊ नका, पॅनल रूममध्ये ठेवा. खिशात पेन्सिल आणि पुठ्ठ्याचा तुकडा असू द्या; तिथल्या उष्णतेत पेनची शाई वाहते.